कुंपणाचं दार

जीपीएसनं इथवर आणलं तुला? नवलच.
बैस. त्या खुर्चीचा डावा पाय लटका आहे,
भार उजवीकडे टाक.
कॉफी कालची आहे, पण गरम आहे.

तर तुला ती जुनी गोष्ट पुन्हा पडद्यावर आणायचीय:
टंग नदीकाठचं एकटं घर,
घरात विधवा, दोन पोरं, एक बंदूक,
आणि टेकडीवर ओळीनं चाळीस घोडेस्वार.
कर की. गोष्टीत दम होता,
म्हणून तर आम्ही शाएन लोक तिकीट काढून गेलो होतो
स्वतःला हरताना बघायला.

डावीकडून सहावा, तो माझा बाप. वेंडल रेड-विलो.
चाळीस म्हणजे खरे तेवीसच.
उरलेले सतरा त्यांच्यातलेच,
टेकडीला वळसा घालून परत आलेले.

साधं पडायचे पाच डॉलर,
घोड्यासकट आठ.
बाबा सात वेळा साधे मेले, चार वेळा घोड्यासकट.
तो कोपऱ्यातला फ्रिज, अजून घुरघुरतोय ना,
माइल्स सिटीहून सेकंडहँड आणलेला,
तो अकरा मरणांचा.

मी सहा वर्षांची.
त्यांच्या पहिल्या पडण्याला अशी किंकाळी फोडली
की आईनं शाल कोंबली तोंडात.
बाबा शेजारीच लाह्या खात बसलेले.
माझा हात घेऊन स्वतःच्या बरगडीवर ठेवला,
म्हणाले, हलतंय ना?
चौथ्या मरणाला मी मोठ्यानं हिशेब करत होते:
पाच, दहा, अठरा, तेवीस.
पुढच्या रांगेतल्या गोऱ्या बाईनं वळून पाहिलं.

बाबांना एक वाक्यही होतं.
तुमच्या भाषेत काहीही बोला, दिग्दर्शक म्हणाला,
फक्त आवाज चढू दे.
बाबांनी भाला उंचावला, खोरं दणाणून सोडलं.
खाली दुभाष्या झालेला नट,
ज्याला आमच्यात पाणीसुद्धा मागता आलं नसतं,
टोपी काढून म्हणाला:
सूर्य बुडायच्या आत कुणालाही जिवंत सोडणार नाहीत.
विधवेनं पोरं पोटाशी धरली.
व्हायोलिनं रडू लागली.
आणि आमच्या तीन रांगा पोट धरधरून हसत होत्या,

कारण बाबा म्हणाले होते,
क्लेटस, घोडीच्या कुंपणाचं दार लावलंस का रे?

हस. पण पुढचं ऐक.
क्लेटस माझा चुलता. तो आधीच मरून पडला होता
टेकडीच्या पायथ्याशी,
आणि मेलेल्यानं उत्तर द्यायचं नाही असा करार.
दातांत धूळ घेऊन, डोळे मिटून
आठवत राहिला बिचारा.
शॉट पाच वेळा झाला.
पाचव्यांदा बाबांच्या आवाजात जो कंप आहे ना,
तो अभिनय नाही.

नव्हतंच लावलं.
घोडी गाभण, दिवस भरत आलेले.
दोघे कंदील घेऊन निघाले नदीच्या खालच्या अंगाला,
अर्ध्या तोंडावर तांबडे पट्टे तसेच.
घाईत पुसायचं कुणाला सुचलं?

तिसऱ्या वळणावर एक गोठा.
दारात बाई, एकटी, हातात बंदूक.
हो, बंदूक. मी काय करू, होती.
तिनं ते पट्टे पाहिले.
बाबांनी काहीच समजावलं नाही,
नुसती घोडीला हाक मारली,
आणि आतून घोडीनं उत्तर दिलं.
बाईनं बंदूक भिंतीला टेकवली
आणि गवताचे दोन डॉलर मागितले.
बाबांनी दिले.
म्हणजे एका मरणातले तीन उरले.

ही कर म्हणते मी. पण तुमचे पैसेवाले म्हणतील,
यात लढाई कुठाय?
मग ती जुनीच कर, टेकडीसकट.
फक्त बाबांचं वाक्य तेच ठेव, खाली अर्थ खरा लिही.
सत्तर वर्षं होत आली, प्रश्न नुसता लोंबकळतोय.
तेवढं क्लेटसला,
पायथ्याशी, धुळीत, मेलेला असतानाच,
एक डोळा उघडू दे.